बायकांची जाहा

कॉफीचा पहिला कप रुवैदाच्या हातात आला. तिनं तो ओठांना न लावता समोरच्या टेबलावर ठेवून दिला. मागोमाग उम्म शाहेरनं ठेवला, मग नुहानं, मग भिंतीकडेनं बसलेल्या बाकीच्या बायकांनी.

नगराध्यक्ष अबू नवाफ खुर्चीत सावरून बसले. "हे काय? निवून जाईल ना."

"निवू दे, काका," रुवैदा म्हणाली. "आम्ही जाहा घेऊन आलोय."

जाहा म्हणजे काय, हे ऐन सिद्र गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणाच्या मुलीला मागणी घालायची असो की दोन घराण्यांतलं वैर मिटवायचं असो, गावची वडीलधारी मंडळी यजमानाच्या दारी जातात, पुढ्यात आलेली कॉफी खाली ठेवतात, आणि 'प्या, तुमचं काम झालं' असा शब्द मिळेपर्यंत कपाला हात लावत नाहीत. पाहुणे कॉफी न पिता उठले, की यजमानाची अब्रू वेशीला टांगली गेलीच म्हणून समजा. अबू नवाफ तर अशा जाहांचे नावाजलेले पुढारी. मात्र जाहा पुरुषांनी न्यायची असते. बायकांची जाहा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

ते हसले. "बायकांची जाहा! आता कोंबड्या आरवायला लागल्या म्हणायच्या!"

"कोंबडे झोपून राहिले तर काय करायचं, भाऊ? सकाळ तर व्हायला हवी," उम्म शाहेर म्हणाली.

बाहेर दाखल्यांसाठी ताटकळलेल्या पुरुषांत खसखस पिकली. दार उघडं होतं. ते उघडंच राहील अशा बेतानं उम्म शाहेरनं आपली खुर्ची दाराला टेकवून मांडली होती.

रुवैदा नगरपालिकेच्या ग्रंथालयाची ग्रंथपाल. वसंतात ती राजधानीत, अम्मानला प्रशिक्षणाला गेली होती, ग्रंथपालांसाठी नेतृत्व आणि तंत्रज्ञान अशा भारदस्त नावाच्या. "पुस्तकांवरची धूळ झटकायला कसलं आलंय नेतृत्व?" असं भावानं विचारलं होतं, आणि खरं सांगायचं तर नेतृत्वाचे तास तिला कंटाळवाणेच वाटले. शिकवणारा पोरगा फळ्यावर वर्तुळं काढायचा, बाण काढायचा. पुढारी निघून गेल्यावरही काम चालू राहतं, तेच खरं नेतृत्व, असं एकदा म्हणाला. रुवैदानं जांभई दाबली होती. यंत्रांच्या तासाला मात्र ती पहिल्या रांगेत. कॉम्प्युटर उघडायचा कसा, जोडायचा कसा हे ती शिकली. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, दुसऱ्याला शिकवताना आपले हात पाठीमागे बांधून उभं राहायचं हे शिकली. माउस शिकणाऱ्याच्याच हातात राहिला पाहिजे.

प्रशिक्षणाबरोबर ग्रंथालयाला कॉम्प्युटरही मिळाले. दुपारची वेळ तिनं बायकांसाठी ठेवली. लग्नापायी शाळा सुटलेली नुहा तिथं बारावीच्या परीक्षेची तयारी करू लागली. उम्म शाहेर आधी पडद्यावर शारजातल्या लेकाचं तोंड बघायला यायची. मग एक दिवस म्हणाली, "याला जे कळवायचंय ते सुनेकडून किती दिवस लिहून घेऊ? मला अक्षरं शिकव." पासष्टी ओलांडलेली बाई रोज एकेका अक्षराशी भांडू लागली.

आणि मग राजधानीचे पाहुणे येणार म्हणून अबू नवाफांनी सगळे कॉम्प्युटर वरच्या सभागृहात मांडून घेतले. पाहुण्यांनी फोटो काढले आणि गेले. कॉम्प्युटरवर चादरी पडल्या, सभागृहाला कुलूप लागलं. रुवैदानं अर्ज केले, खेटे घातले. दरवेळी एकच उत्तर मिळायचं, इन्शाल्लाह.

आताही अबू नवाफ तेच म्हणाले. "बरं बरं. होईल, इन्शाल्लाह. प्या आता."

भिंतीकडची एक भोळी बाई लगेच कपाकडे वाकली. उम्म शाहेरनं तिच्या हातावर चापट मारली. "थांब गं! इन्शाल्लाहवर कुणी कॉफी पितं का? हा स्वतः तरी कधी प्यालाय?"

आता बाहेरचे पुरुष हसले नाहीत. ते दाराशी गोळा झाले होते. अबू नवाफांनी त्यांच्याकडे पाहिलं, कपांकडे पाहिलं. पडलेला डाव ओळखण्याइतके ते मुरलेले होते, आणि हरताना काहीतरी परत खेचून घेण्याइतकेही.

"कॉम्प्युटर आजच खाली जातील," ते म्हणाले. "पण रुवैदा, माझ्या कचेरीत मला असली पुढारीण नको. उद्यापासून तू खोऱ्यातल्या पाणी-कचेरीत. कबूल असेल तर प्या."

ते ग्रंथालय रुवैदानं उभं केलं होतं. खिडक्यांना रंगसुद्धा तिनं स्वतः दिला होता. उठावं, कप तसेच टाकून निघून जावं आणि या माणसाचं नाक साऱ्या गावासमोर कापावं, असं तिला फार वाटलं. पण मग कॉम्प्युटर चादरीखालीच राहिले असते. वर्तुळं-बाण काढणाऱ्या त्या पोराचं बोलणं तिला आठवलं, आणि त्याचा भयंकर राग आला. तो खरं बोलला होता.

"बाई, तुम्ही गेलात तर आम्हाला कोण शिकवणार?" नुहा कुजबुजली.

"मी तुझ्या माउसला कधी हात लावला होता?"

नुहानं नाही म्हणून मान हलवली.

"मग झालं तर." रुवैदा उभी राहिली. "काका, ग्रंथालयाची चावी नुहाकडे राहील. शिपायाकडे नाही, तुमच्या पुतण्याकडे नाही. हे तुमच्या तोंडून ऐकू दे. दाराशी उभ्या आहेत त्यांनाही ऐकू दे."

अबू नवाफ मोठ्यानं म्हणाले, "चावी नुहाकडे. प्या, तुमचं काम झालं."

रुवैदानं कप उचलला. कॉफी गार झाली होती आणि कडू तर होतीच. तिनं ती एका दमात संपवली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. नुहा प्याली, बाकीच्या बायका प्याल्या.

उम्म शाहेर हाताची घडी घालून बसून राहिली.

"आत्या, प्या ना," रुवैदा म्हणाली. "मिळालं की सगळं."

"तुझं मिळालं. माझं नाही." म्हातारी गुडघ्यांवर हात रेटून उठली. "मला दोन गोष्टी हव्यात, अबू नवाफ. कॉम्प्युटर आणि शिकवणारी ही पोर. एकच दिलीस. पुढच्या गुरुवारी परत येते. वेलची जरा जास्त घालायला सांग."

शिपाई ट्रे घेऊन आला. रिकामे कप त्यानं उचलले. भरलेल्या कपाशी आल्यावर तो थांबला आणि साहेबांकडे पाहत राहिला. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. शिपाई तो एक कप तिथंच ठेवून गेला.

खोऱ्यातल्या पाणी-कचेरीत पंख्याखालचं एक टेबल रुवैदाला मिळालं. लोक गळक्या नळांच्या तक्रारी घेऊन येतात, ती लिहून घेते. गुरुवारी दुपारी तिचा फोन थरथरतो. शारजाच्या लेकाला लिहिता लिहिता उम्म शाहेरची बोटं आता सरावली आहेत. नगराध्यक्षांकडून परतून ती ग्रंथालयातून तीन शब्दांचा निरोप धाडते, दर आठवड्याला तोच.

'आजही नाही प्याले.'