पिठाने भरलेले कापड

मला उजेडासमोर धरले, तर उभ्या-आडव्या धाग्यांमधल्या बारीक चौकोनांत पीठ बसलेले दिसते. ते झटकून निघत नाही. त्या पिठामुळेच ओली कणीक मला चिकटत नाही. मित्रांनो, मी एका फ्रेंच बेकरीतले जुने लिननचे कापड आहे.

फ्रान्समध्ये पाव करायला शिकलेल्या एका तरुणाने मला पेटीत घालून इकडे आणले. माझ्या चुण्या पाडून तो प्रत्येक दोन चुण्यांमध्ये एक लांब गोळा निजवी. गोळे फुगेपर्यंत त्यांचा आकार सांभाळणे हे माझे काम. ते करता करता तो तरुण, म्हणजे माझे मालक, म्हातारे झाले.

अलीकडेच मागच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका वासाचा माग काढत आत आल्या. तरुणपणी त्या फ्रान्समध्ये राहिल्या होत्या. पावाचे कडक कवच मोडताना झालेला कुरकुर आवाज ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, असल्या पावासाठी मी दोन बस बदलून जाते! काखेत कळसा नि गावाला वळसा. तुमची पाटी वाचायला भिंग लागतं की हो!"

"पाटी कशाला? नाक शाबूत आहे ना तुमचं!" मालक हसले. बाई रोज येऊ लागल्या.

पण मालकांचे हात थरथरू लागले होते. नोकरी सांभाळून मदतीला येणारी त्यांची मुलगी म्हणे, "बाबा, आता पुरे करा." ते म्हणत, "बघू."

एका सुट्टीच्या दिवशी तिने मला कळकट समजून साबणाने धुतले, इस्त्रीही केली. किती मायेने! दुसऱ्या दिवशी सगळे गोळे मला चिकटून फाटले.

"कापड धुतलंस ना, म्हणून," मालक एवढेच म्हणाले.

मित्रांनो, एखाद्या वस्तूची काळजी घेण्याआधी तिला काय हवे, ते कुणाला तरी विचारा. आणि चूक झाली, तरी ती जन्मभर कुणाच्या माथी मारू नका.

कारण पुढे रोजच्या पिठाने मी पुन्हा भरले. गोळे अलगद सुटू लागले. तरी पाव वाकडे, बसकेच निघत. उचलताना मालकांचा हात थरथरे, गोळा पिळवटे, आतली हवा निघून जाई. मला ते कळत होते. पण मला तोंड कुठले? मालक तेच वाक्य म्हणत राहिले आणि मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली.

आज सकाळी बाईंच्या हातात चपटा पाव ठेवताना ती पुटपुटली, "माफ करा हं. माझ्यामुळे झालंय. मी कापड धुतलं."

मालकांनी मला ओट्यावर ठेवले. बराच वेळ ते माझ्यावरून तळवा फिरवत राहिले.

"नाही गं पोरी. कापड केव्हाच बरं झालंय. माझेच हात गेलेत. उद्यापासून भट्टी पेटवायची नाही."