निंबाची भरती मी अडवली

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. म्हातारपणी सगळे आपले पराक्रम सांगतात. मला मात्र आज माझी लाज सांगायची आहे.

सुरतेत उधन्याला, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या कामगारांच्या खोल्यांच्या लाईनीत रंभाबाईंच्या दारावर माझी हयात गेली. रंभाबाई धुळ्याकडच्या. त्यांचा एकुलता निंबा रात्रपाळीला लूमवर जायचा. आमच्या लाईनीत रीतच होती. रात्रपाळीवाला सकाळी येऊन झोपला, की घरच्यांनी बाहेरून कुलूप लावून कामाला जायचं, म्हणजे पोरंसोरं दार वाजवून त्याची झोप मोडत नाहीत. कुणी कितीही हिसडे मारले तरी मी दाद देत नसे. "कुलूप असावं तर असं!" शेजारच्या सुभद्राबाई म्हणायच्या, आणि मला कोण अभिमान वाटायचा!

१९७० साली फौजेची भरती सुरतेत आली. निंबाने दोन महिने पळण्याचा सराव केला होता. त्याचं वय काठावर होतं. ही भरती हुकली, की संपलंच. त्या सकाळी पाळी सुटल्यावर तो कपडे बदलायला घरात शिरला, आणि रंभाबाईंनी मला कडीत अडकवून किल्ली फिरवली.

"माय, दार उघाड ना! भरती नऊ वाजता शे!"

"झोप गुमान! फौजमा जावाले दुसरास्ना पोरे शेतस!" असं म्हणून त्या कामावर निघून गेल्या.

निंबाने आतून खांद्याने धडका दिल्या. तेव्हा तरी मी सुटायला हवं होतं. पण मेल्या मला शाबासकीची चटक लागलेली! उलट आणखीच घट्ट धरून ठेवलं. येणारे-जाणारे बघत होते, पण दिवसा आत माणूस आणि बाहेर कुलूप, यात आमच्याकडे कुणाला नवल वाटणार? दुपारी रंभाबाईंनी दार उघडलं. निंबाने भाकरी खाल्ली आणि तो संध्याकाळी पाळीला गेला.

त्याच भरतीत आमच्या लाईनीतला लोटू निवडला गेला. त्याला निरोप द्यायला सगळे आमच्याच दारापुढे जमले. ओवाळायला सर्वांत पुढे कोण, तर रंभाबाई! निंबाने आपले सरावाचे बूट लोटूच्या हाती दिले. "ले भाऊ. माले आते काय कामना?"

रंभाबाई ताट सुभद्राबाईंकडे देऊन उंबऱ्यावर बसल्या आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडल्या. "दुसराना पोर्‍याले ओवाळस मी, अन् मन्हा पोर्‍याले कोंडस!"

पुढे एकाहत्तरची लढाई झाली. लोटू सुखरूप परतला, तेव्हा हार घेऊन स्टेशनवर पहिला धावला तो निंबाच. तो स्वतः लूमवरच राहिला.

मित्रांनो, जवानांचं कौतुक जरूर करा. पण उद्या तुमच्याच घरातलं कुणी "मी जातो" म्हणालं, तर? घाबरा, रडा, हवं तर भांडा, पण त्याची वाट अडवू नका. मी अडवली. रंभाबाईंना त्यांच्या पोराने कधी बोल लावला नाही, मलाही नाही. एकदा तरी दगड घेऊन त्याने मला फोडलं असतं, तर बरं झालं असतं.