छायाबाईंची साक्ष

“सिस्टर, आज पहिली साक्ष तुमचीच बरं का! मंडळीत जान आली पाहिजे, जान!” चर्चच्या दारातच पाळकसाहेबांनी छायाबाईंना गाठलं.

“आज नको ना साहेब. मले मागं गुपचूप बसू द्या,” छायाबाई म्हणाल्या. रूपरावांना जाऊन हा पाचवा रविवार. नवऱ्यासाठी पोटभर रडायलाही सवड मिळाली नव्हती बिचारीला.

“तुम्हीच मागं बसल्या तं कसं होईन?” म्हणत पाळकसाहेब पुढे निघूनही गेले.

हिंगणघाटची ही मंडळी केवढी, तर पस्तीस डोकी. त्यातली निम्मी उपासनेत पेंगणारी. म्हणून नव्या पाळकांनी उत्साहाचा महिना काढला होता. कुणी साक्षीला उभं राहून देवानं आठवड्यात काय केलं ते सांगू लागलं, की प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी टाळी वाजवून ‘हालेलुया’ म्हणायचं. तीन रविवार तालीम झाली होती. आणि साक्षीला हुकमी माणूस कोण? छायाबाई! दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स, आवाज खणखणीत, चेहरा सदा हसरा. त्या नोकरीतून रिटायर झाल्या, पण हसण्याच्या नोकरीतून त्यांना कुणी सोडीना.

नाव पुकारलं गेलं. छायाबाई उठल्या. आज खरं तेच बोलायचं, एकदा तरी बोलायचं, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं.

“पाच हप्ते झाले, मी एकटीच जेवून राह्यली.”

“हालेलुया!” कडकडून टाळी पडली.

थोबाडीत बसल्यासारख्या छायाबाई दचकल्या. तरी नेटानं म्हणाल्या, “घास खाली उतरत नाई. मले देवाचा लय राग येते.”

“हाले...” निम्मी मंडळी वाटेतच थबकली. उरलेल्यांनी सवयीनं टाळी पुरी केली. पाळकसाहेब घाम पुसू लागले. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक नर्सच्या तोंडाकडे बघतात, तसे सगळे छायाबाईंकडे बघत होते. अशा वेळी काय सांगायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. आत जीव नुसता कोंडला होता, पण तोंड आपसूक उघडलं.

“पण आता बरं हाय. देव चांगला हाय.”

छप्पर उडेल असा हालेलुया झाला! पाळकसाहेबांनी पुढच्या चारही रविवारी त्यांचंच नाव लावून टाकलं.

उपासना सुटल्यावर फाटकाशी कौशल्याबाईंनी त्यांचा हात धरला. कौशल्याबाईंचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. साक्षीला छायाबाईंच्या खालोखाल त्याच.

“मलेबी एकटीले जेवण जात नाई गं,” त्या हळूच म्हणाल्या.

“अजूनबी? मंग दर रविवारी काऊन सांगते, आनंद हाय, आनंद हाय म्हणून?”

“तूच तं उभं केलं होतं मले. ह्यांले मातीत ठेवलं, त्याच्या दुसऱ्याच रविवारी. म्हणे, ऊठ कौशल्या, हसून साक्ष दे, मंडळी पाहून राह्यली.”

छायाबाईंना ते लख्ख आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तर शेजारून माणसं जाऊ लागली.

“आज लय मजा आली, सिस्टर!”

छायाबाई हसल्या. कौशल्याबाईही हसल्या. एकमेकींचा हात न सोडता दोघी फाटकाशी उभ्या राहिल्या आणि जाणाऱ्या प्रत्येकाला सलाम करत राहिल्या.