हसऱ्या चेहऱ्यांची यादी

मंगळवार हा हुकसान गावच्या फूड बँकेत मोफत अन्नवाटपाचा दिवस. नऊ वाजायच्या आतच दारापुढे म्हाताऱ्यांची रांग लागली होती. कोणी काठी टेकत आलं होतं, कोणी सामानाची ढकलगाडी ओढत. आत प्यो मिग्योंग टोफूच्या पाकिटांवरच्या तारखा तपासत होती. आजच मुदत संपणारा टोफू तिने वेगळा काढला. तो दात नसलेल्यांना आधी द्यायचा. साखरेचा आजार असलेल्यांच्या पिशवीत गोड पाव जाता कामा नये. खाणीत काम करून फुप्फुसं गमावलेल्या चौघांना रांगेत उभं राहवत नाही, त्यांच्या पिशव्या घरी पाठवायच्या. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. बारा वर्षांपूर्वी ती इथे पोती उचलायला लागली होती. संध्याकाळी खाणावळीत भांडी घासून तिने समाजकार्याची परीक्षा दिली आणि आता एकेचाळिसाव्या वर्षी ती या केंद्राची व्यवस्थापक होती. खाण बंद पडलेल्या त्या डोंगरी गावात हे काम तिच्याइतकं चांगलं कोणालाच येत नव्हतं.

त्याच कामात आपण काय करून ठेवलं आहे, हे मात्र तिला अजून कळायचं होतं.

दहाच्या सुमाराला संचालक योम दोक्सू आले. रांगेतल्या कोणाच्याही नमस्काराला त्यांनी मान हलवली नाही.

"प्यो मॅडम, किमचीच्या दिवसाची यादी झाली का?"

दर नोव्हेंबरात, हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं मसालेदार लोणचं, घालायच्या दिवसांत, वरच्या डोंगरावर रिसॉर्ट बांधणारी कंपनी दोनशे घरांना पुरतील एवढे कोबीचे गड्डे घेऊन यायची. केंद्राचा वर्षभराचा तांदूळही तिच्याकडूनच यायचा. अधिकारी लाल रबरी हातमोजे घालून पानापानांत मसाला चोळायचे, डबे भरायचे, आणि दहा निवडक कुटुंबांच्या हातात ते डबे देताना फोटो निघायचे. ही दहा कुटुंबं मिग्योंग निवडायची. तिच्या यादीत नाव, वय, आजार, पत्ता असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता 'चेहरा'. त्यात गोल म्हणजे फोटोला चांगला, त्रिकोण म्हणजे चालेल, फुली म्हणजे नको. सहा वर्षांपूर्वी एक म्हातारा फोटोच्या वेळी शिव्या देत उठून गेला होता. पुन्हा तसं होऊ नये म्हणून तिनेच हा रकाना आखला. योम साहेबांनी तिची पाठ थोपटली. आजूबाजूच्या तालुक्यांतली अकरा केंद्रं तिच्याकडून तो शिकून गेली.

"गेल्या वर्षीची ती पोरगी पहिली घाला," योम म्हणाले. "सेबोम. आजीला बिलगून उभी होती ती."

"त्या घरातून तीन आठवडे कोणी आलेलं नाही, साहेब."

"मग जा आणि घेऊन या. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी स्वतः विचारलं, ती गोड पोरगी येणार ना? आणि मध्यवर्ती केंद्रातल्या जागेसाठी तुमचा अर्ज माझ्या शिफारशीवर अडलाय, तेवढं लक्षात असू द्या."

वाटप उरकून मिग्योंग तांदूळ, अंडी आणि टोफू घेऊन खाणकामगारांच्या जुन्या चाळीकडे चढ चढू लागली. पिलसुन आजी तिथे शेवटच्या खोलीत राहत होती. नवरा खाणीत गेला, मुलगा शहरात गेला तो गेलाच. तेरा वर्षांची नात सेबोम तेवढी तिच्यापाशी होती.

दार उघडताच आजीने पिशवीकडे पाहिलं आणि दार अर्धं लोटून घेतलं.

"ते परत ने, पोरी. घरात दिसलं तर ती फेकून देईल."

"कोण फेकून देईल, आजी? आणि तुम्ही का येत नाही? जेवताय काय?"

"बटाटे आहेत." आजी दारातच उभी राहिली. तिचा गळा गेल्या महिन्यापेक्षा जास्त सुरकुतलेला दिसत होता. "तुम्ही गेल्या वर्षीचा तो फोटो शाळेजवळच्या चौकात लावलात ना? हा एवढा मोठा. चार महिने होता तिथे. पोरं हिला 'डबा' म्हणतात. ए डबा, इकडे ये. डबा आला, डबा गेला. आणि एक दिवस शाळेच्या जेवणात वर्गातल्या सगळ्यांनी आपापल्या ताटातली किमची हिच्या ताटात ओतली. म्हणे, घे, आणि हस, फोटो काढतो. तेव्हापासून ती शाळेत जेवत नाही. खेळाच्या तासाला दोनदा चक्कर येऊन पडली."

तेवढ्यात पाठीमागे पायऱ्यांवर पावलं वाजली. दप्तर खांद्यावर घेतलेली सेबोम येऊन उभी राहिली. तिने आधी पिशवी पाहिली, मग मिग्योंगला.

"मान थोडी डावीकडे," ती सपाट आवाजात म्हणाली. "डबा छातीशी धर. आता आजीकडे बघ. अजून थोडं हस. हे तुम्हीच म्हणत होतात ना?"

"सेबोम, मला माहीत नव्हतं की..."

"मला त्या दिवशी ताप होता. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, दोनच मिनिटं, बाळा, तू खूप छान दिसतेस." तिने बूट काढले आणि मिग्योंगला वळसा घालून आत गेली. "आजी, दार लाव. थंडी येतेय."

दार लागलं. पिशवी उंबऱ्यापाशी ठेवून मिग्योंग उतरू लागली. वळणावर मागे पाहिलं तेव्हा पिशवी उचलून बाहेरच्या भिंतीपाशी ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती सरळ योमांच्या खोलीत गेली.

"यंदा माणसांचे फोटो नकोत, साहेब. डब्यांचे काढू, काम करणाऱ्या हातांचे काढू."

"डबा बघून कोणाला पाझर फुटतो?" योम हसले.

"ती मुलगी उपाशी राहतेय आपल्यामुळे."

"उपाशी आपल्यामुळे? अहो, आपण नसतो तर म्हातारीसकट ती कधीच मेली असती. घ्यायला दोन्ही हात पुढे करायचे आणि तोंड दाखवायची वेळ आली की अब्रू आठवते. देणारा काय मागतो? पैसे मागतो? एक फोटो मागतो."

"चेहरा मागतो, साहेब. तेवढाच त्यांच्याजवळ उरलाय."

योमांनी खणातून यादी काढून टेबलावर टाकली. "हा रकाना कोणी आखला? मी? तुमचं अक्षर आहे ते. सहा वर्षं गोल काढत बसलात, बढती घेतलीत, आणि आता मला शिकवता? यंदाचा नियम ऐका. जो उभा राहणार नाही, त्याला किमची नाही, आणि पुढच्या महिन्यापासून तांदूळही नाही. हे तुम्हीच कळवा त्यांना."

तिने कळवलं नाही. योमांनी स्वतः फोन केला.

किमचीच्या दिवशी केंद्रापुढच्या मैदानात मांडव पडले. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेले कोबीचे गड्डे निथळत ठेवले होते. मसाल्याची लाल पिंपं उघडली होती आणि पाहुण्यांसाठी डुकराचं मांस शिजत होतं. समोर खुर्च्यांवर दहा कुटुंबं बसवली होती, मागे बाकीचे डब्यांसाठी रांगेत उभे होते. पिलसुन आजी दुसऱ्या खुर्चीत होती, एकटीच. तिने मिग्योंगकडे पाहिलं नाही.

अकरा वाजता कंपनीची काळी गाडी आत आली आणि तिच्यातून शाळेच्या गणवेशातली सेबोम उतरली. योमांनी मुख्याध्यापकांना फोन केला होता. चालू तासाला वर्गात नाव पुकारून तिला बाहेर काढलं होतं, आणि सगळी शाळा खिडकीतून बघत असताना कंपनीचं नाव लिहिलेल्या गाडीत बसवलं होतं.

पोरीच्या हातात डबा दिला गेला. शेजारी कंपनीचे मोठे साहेब उभे राहिले, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. फोटोवाला म्हणाला, "हं, हस आता." सेबोम हसली नाही. कंपनीची एक बाई पुढे आली आणि लाडात म्हणाली, "एवढीशी तर गोष्ट, बाळा. गेल्या वर्षी किती गोड हसली होतीस." सेबोमची हनुवटी थरथरू लागली. "आजी, तुम्ही सांगा हिला," योम दात आवळून म्हणाले. आणि पिलसुन आजी, जिने आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, खुर्चीतून उठत नातीला म्हणाली, "हस गं. एकदाच हस. तांदूळ बंद करतील."

ते वाक्य मिग्योंगच्याने ऐकवलं नाही. ती चालत गेली आणि कॅमेरा आणि मुलगी यांच्या मध्ये उभी राहिली.

"फोटो नाही," ती म्हणाली.

"बाजूला व्हा, मॅडम," फोटोवाला म्हणाला.

"नाही होणार." तिचा आवाज मैदानभर ऐकू गेला. "गोरगरिबांतून कोण गोड दिसतं ते मी निवडायची. कोणाच्या तोंडाकडे पाहून लोक डबे देतील त्याची यादी करायची. ते मी केलं, सहा वर्षं केलं. या मुलीला ताप असताना मी तिला हसायला लावलं. किमची द्यायची तर द्या. कोणी हसणार नाही."

मोठ्या साहेबांनी हात काढून घेतला आणि रुमालाने पुसला. "योम साहेब, हा काय प्रकार आहे?" एवढंच ते म्हणाले. पंधरा मिनिटांत पाहुणे हातमोजे टाकून गाड्यांत बसले. ते गेल्यावर योमांनी सगळ्यांसमोर मिग्योंगला सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. आणि इथून पुढे कुठल्याही केंद्रात तुम्हाला पोती उचलायलाही कोणी ठेवणार नाही, बघतोच मी."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रांगेतला एक म्हातारा थुंकला. पिलसुन आजी मिग्योंगपुढे येऊन उभी राहिली.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "तू मोठी झालीस. तुझं मन हलकं झालं. आता आमच्या हिवाळ्याचं काय? तुझ्या त्या भाषणाला मीठ लावून खायचं का?"

मिग्योंगने मान खाली घातली आणि तिला निथळणारे कोबीचे गड्डे दिसले. खारवलेला कोबी थांबत नाही. आज मसाला नाही लागला तर उद्या तो सडायला लागतो.

आजीचंही तिकडे लक्ष गेलं होतं. ती मसाल्याच्या पिंपापाशी गेली, बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "कोणी कालवलंय हे? खारवलेले झिंगे घातलेच नाहीत. यांच्या घरी किमची मोलकरीण घालत असणार." तिने खाली पडलेले लाल हातमोजे उचलले.

"ते कंपनीचे आहेत," योम ओरडले. "हात लावायचा नाही."

"मग कोबी सडला तर तोंडात तुम्ही घालणार का?" आजी म्हणाली आणि हातमोजे चढवले. खाणकामगारांच्या विधवा एकेक करून पुढे आल्या. चाळीस-चाळीस वर्षं त्यांनी आपापल्या चाळीत गड्ड्यांच्या राशी संपवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत दोनशे डबे भरले. सेबोम केंद्राच्या वहीत बघून नावं वाचत होती आणि डबे ज्याचे त्याला जात होते. मिग्योंग गड्डे वाहत होती. तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही.

ही गोष्ट इथे गोड झाली असती तर बरं वाटलं असतं. पण कंपनीने तांदूळ थांबवला तो थांबवलाच. त्या हिवाळ्यात फूड बँकेच्या फळ्या अर्ध्या रिकाम्या राहिल्या. "हिच्या तोऱ्यापायी आमच्या तोंडचा घास गेला," असं बाजारात मिग्योंगला ऐकू येईल असं बोललं जाई. मध्यवर्ती केंद्रातली जागा दुसऱ्याला मिळाली. त्या वर्षी चौकात फोटो लागला नाही आणि सेबोम शाळेत पुन्हा जेवू लागली, पण रस्त्यात मिग्योंग दिसली की ती पलीकडे जाई. मिग्योंग क्षमा मागायला दोनदा चढ चढली. दुसऱ्या वेळी आजीने दार उघडून बार्लीचा काढा दिला आणि म्हणाली, "ती नाही भेटणार. तू वाट बघू नकोस. तुला जे करायचं ते कर."

तिने तेच केलं. मार्चमध्ये पलीकडच्या खोऱ्यात, एका लहानशा मोफत भोजनगृहाची व्यवस्था तिने कमी पगारावर पत्करली. तिथे कॅमेरा आत येत नाही. देणगीदारांना महिन्याच्या शेवटी एक पत्र जातं: किती माणसं जेवली, काय जेवली, काय कमी पडलं. पहिल्या पत्रानंतर निम्मे देणगीदार गेले. उरलेल्यांवर आणि दारोदार हिंडून मिळवलेल्या धान्यावर चूल पेटते.

सुट्टीच्या दिवशी ती बस पकडते. जी अकरा केंद्रं तिच्याकडून तो रकाना शिकून गेली होती, त्यांच्याकडे ती जाते. चौघांनी रकाना पुसून टाकला. तिघांनी तिला दारातूनच परतवलं. आठवं केंद्र नदीकाठच्या गावात होतं. तिथला व्यवस्थापक ओळखीचा होता. तिनेच त्याला शिकवलं होतं. त्याने नीट ऐकून घेतलं, कॉफी दिली आणि मग हात पसरले.

"ताई, तुमचं सगळं खरं. पण उद्या देणगीदार आले आणि म्हणाले, आमच्या पैशांचं काय झालं ते दाखवा, तर मी काय दाखवू?"

त्याच्या टेबलावर शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीचा फोटो होता. मिग्योंगने तिकडे बोट केलं.

"तुमचीच का?"

"हो. सातवीत गेली."

"मग हिलाच उभी करा. हातात डबा द्या. मान थोडी डावीकडे. आणि तिच्या शाळेपुढच्या चौकात लावा."

त्याचा चेहरा उतरला, मग रागाने लाल झाला. त्याने तिला जायला सांगितलं. मिग्योंगने कॉफीचा कप ठेवला, बाहेर येऊन बूट घातले आणि थांब्यावर जाऊन पुढच्या गावची बस किती वाजता आहे ते पाहिलं.