आरपारबाबांची नजर

त्या जुन्या व्यापारी इमारतीचा तळमजला भर दुपारी माणसांनी फुलून गेला होता. आरपारबाबा बसत तिसऱ्या मजल्यावर, बंद खोलीत, डोळे मिटून. तरी खाली बाकावर कोण रडलं, कोणी पिशवीत काय लपवलं, हे भक्त समोर येताच ते घडाघडा सांगत. "देहाला भिंती असतात, दृष्टीला नसतात," हे त्यांचं ठरलेलं पालुपद.

सासूबाई बाकावर गुडघा चोळत बसल्या होत्या, तेही बाबांनी ओळखलं. सासूबाई हरखल्या. बाबांनी सांगितलं म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बंद करून बसल्या. चक्कर येऊ लागली, तर म्हणायच्या, अंगातला दोष बाहेर पडतोय. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

सून वास्तुरचनाकार. इमारतीत कुठून काय दिसतं, हे तपासणं तिचं रोजचं काम: रुग्णालयात नर्सच्या टेबलावरून सगळे पलंग दिसतात का, नाट्यगृहात मागच्या रांगेला रंगमंच दिसतो का. बाबांना वरून बाक दिसत असणार, असं तिने म्हणताच नवरा म्हणाला, अगं, मध्ये तीन भिंती आहेत.

"नकाशात आहेत," ती म्हणाली. "नकाशा सपाट असतो. नजर वर चढते, खाली उतरते, काचेवरून वळते."

भाविकपणाचं सोंग घेऊन तिने मापं घेतली, संगणकात अख्खी इमारत उभी केली आणि बाबांच्या गादीवर एक डोळा ठेवला. त्या डोळ्याला दिसेल तेवढं पिवळं होणार होतं. पिवळा रंग दारावरच्या झरोक्यातून निसटला, जिन्यावरच्या तिरप्या काचेवर आपटला आणि थेट भक्तांच्या बाकावर सांडला. खांबामागचा कोपरा तेवढा काळा राहिला.

मग तिने नवऱ्याला कामाला लावलं. तो बाकापाशी लंगडला आणि खांबाआड जाऊन मनसोक्त नाचला. वर बाबांनी डोळे मिटूनच निदान केलं: डावा पाय अधू, मागच्या जन्मी कोणाला तरी लाथ मारलीस.

"आणि खांबामागे मी काय केलं, बाबा?"

बाबांनी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले. मग म्हणाले, काही उत्तरं मौनातच असतात. नवरा टणाटणा उड्या मारत जिना उतरला.

सासूबाईंना मात्र ते पटेना. संतांची परीक्षा घेऊ नये, म्हणाल्या. सुनेने वाद घातला नाही. त्यांना बाकावर बसवलं.

"आई, जिन्यावरच्या काचेत बघा. ज्या वाटेने आपण त्यांना दिसतो, त्याच वाटेने ते आपल्याला दिसणार."

काचेत आरपारबाबा होते. डोळे टक्क उघडे, त्यांना दुर्बीण लावलेली. सासूबाईंनी हात हलवला. दुर्बीण दचकली. एव्हाना अख्खी रांग माना वर करून बघत होती आणि कोणीतरी खुदकन हसलं.

सासूबाईंनी पर्समधली गोळी काढली, सुनेकडे पाणी मागितलं आणि वर बघत सावकाश गिळली.

शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, मग खरा चमत्कार ओळखायचा कसा? सून म्हणाली, "हात जोडायच्या आधी विचारायचं, हे यांना कुठून दिसतं? आणि मग तिथे जाऊन स्वतः बघायचं."