अर्ध्या तिकिटाचा घड

दोरा पुन्हा गुंतला होता... लाल लोकरीचा दोरा, एक टोक पेनाला, दुसरं वहीच्या तारेला – पोस्टात कुणी पेन पळवू नये म्हणून बांधतात ना, तसा रुची मॅडमनं बांधून दिलेला – आणि झुंबरबाई नखानं एकेक पीळ सोडवत बसली होती, कारण दोरा सोडवताना लिहावं लागत नाही. पानावर तारीख होती. वार होता. सकाळी चहा, दोन खारी. दहाला रुची मॅडम आल्या, गेल्या. पुढची ओळ रोजची, हाताला पाठ झालेली... आणि आज हातच अडून बसला होता, चढावर बैल बसतो तसा.

समोर ओट्यावर नवल. चौकड्यांचा इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, कानापाशी चार केस राहिलेले. छत्तीस वर्षांचा तिचा मुलगा देवपूरच्या त्या बोळाच्या तोंडाकडे डोळे लावून बसला होता, कारण कालच्या पानावर लिहिलं होतं – पूनम अमळनेरला माहेरी गेली आहे, उद्या येईल. कालचं उद्या म्हणजे आज. तो उठतो, वही वाचतो, दाढी करतो, बसतो. जेवायला घेतलं की वाट बघणं विसरतो, ताट उचलेपर्यंत सगळं पुसलं जातं, आणि झुंबरबाई नव्या पानावर तीच ओळ पुन्हा लिहिते. चौदा महिने झाले. आजवर एकदाही त्यानं मागचं पान उलटून बघितलं नव्हतं.

बघितलं ते ह्या सटवीनं... नको, सटवी नको म्हणायला. रुची पोरगी चांगली आहे. म्हणूनच राग जास्त येतो. दर गुरुवारी अपंगांच्या संस्थेकडून स्कूटीवर येते, काखेत फाईल, फायलीवर केस क्रमांक एक्केचाळीस. दोन वर्षांमागं रावेरला नवल केळीच्या भरल्या ट्रकवर चढून दोर आवळत होता, दोर तुटला, हा डोक्यावर आपटला. तेव्हापासून डॉक्टर, दाखला, व्यायामवाला, सगळीकडे हीच पळाली. गॅस आधी बंद करायचा का आधी भांडं उतरवायचं, त्याची चित्रं काढून भिंतीला हिनंच चिकटवली. उपकार करणाऱ्या माणसाला धड शिवीसुद्धा देता येत नाही.

आज तिनं वही मागं मागं चाळली.

"अक्का, हे किती उद्या आहेत?"

"मोज की. शिकलेली आहेस."

"त्याच्या डोक्यात जे राहत नाही ते या वहीत राहतं. ही वहीच त्याचं डोकं आहे, अक्का. आणि तुम्ही त्यात..."

"खोटं घालते. बोल ना, दाताखाली काय धरलंस?"

"पुढच्या महिन्यापासून तो दिवसभर संस्थेच्या केंद्रात बसणार. तिथं ही वही वाचून दाखवेल. बायको उद्या येणार म्हणेल. कुणीतरी हसेल, कुणीतरी खरं काय ते सांगून टाकेल. परक्या माणसानं सांगावं का ते?"

"तुले ती केस शे, बाई. मना पोऱ्या शे!"

राग आला की झुंबरबाईचं शाळेतलं मराठी पळून जायचं, अहिराणी उरायची. रुची रागावली नाही. किल्ली बोटात फिरवत म्हणाली, "आजचं पान खरं लिहा. एवढंच म्हणते मी." आणि जाताजाता नवलची नेहमीची परीक्षा घेतली. "नवलभाऊ, सकाळी इथं उंट झाडावर चढला होता. खरं ना?"

नवल म्हणाला, "बरं."

खोटं ओळखलं नाही; तिनं फायलीत फुली मारली.

बरं... आग लागो त्या शब्दाला. दवाखान्यात नवल शुद्धीवर आला, लोकांना ओळखायला लागला, पूनमचं नाव घेतलं, सगळे म्हणाले वाचला, देव पावला. तेव्हा झुंबरबाईनं त्याला गंमत म्हणून घडाची गोष्ट सांगितली होती. तिची ती जुनी थाप – माझ्या माहेरी एकदा केळीचा एवढा घड आला, एवढा, की एसटीत त्याला वेगळी सीट द्यावी लागली आणि कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. या घरात थाप एकट्यानं मारायची नसते. एकानं मारायची, दुसऱ्यानं 'फेकू नको माय!' म्हणून मांडीवर थाप हाणायची आणि वर आपली एक जास्तीची लावायची. नवल पाच वर्षांचा होता तेव्हा म्हणाला होता, मग घडाला उलटी झाली का घाटात? पूनम लग्न होऊन आली तर तीही महिन्याभरात शिकली – तिच्या घडानं तर खिडकीसाठी भांडण केलं होतं. हसून हसून ठसका लागायचा, भाकरी तव्यावर करपायची...

आणि दवाखान्यात नवलनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि म्हणाला होता, "बरं."

तेव्हा कळलं मला, डोक्याला किती लागलंय ते. फिल्म उजेडाला धरून डॉक्टर बोट ठेवत होते, इथं सूज, इथं रक्त... त्यांना काय दिसणार! घरी येऊन तिनं कानबाईला नवस बोलला. लोक पोरगा चालू दे म्हणतात, कमवू दे म्हणतात. ती म्हणाली, आई, एकदा, एकदाच माझ्या पोरानं मला खोटारडी म्हणू दे.

आणि तोवर? तोवर ते 'बरं' कामाला आलंच की. लबाड बाई, ते कुणाला सांगशील? पूनम नऊ महिने राहिली. नवलनं तिच्या अंगावर ताट भिरकावलं, भुवईला खोक पडली, आणि तासाभरात तोच विचारायला लागला, हे कशानं लागलं गं तुला? तेव्हा झुंबरबाईच म्हणाली होती, जा तू अमळनेरला, मी बघते त्याचं. दया होती की राग होता, तिचं तिला अजून कळलेलं नाही. पुढं पूनमच्या भावानं सोडचिठ्ठीचे कागद आणले. ह्याच पेनानं, हाच दोरा ताणून नवलनं सही केली. कसली सही, त्यानं विचारलं. रेशनकार्डाची, झुंबरबाई म्हणाली. तो म्हणाला, बरं. गेल्या माघात पूनमचं दुसरं लग्न लागलं, दीपनगरला कॉलनीत राहते म्हणतात.

कुठलं खरं लिहू, रुचीबाई? एक ओढलं की सगळी मोळी सुटते.

दोरा सुटला. झुंबरबाई पेन तसंच हातात धरून ओट्यावर नवलशेजारी येऊन बसली, वही दोघांच्या मध्ये. समोरून केळीवाल्याची हातगाडी चालली होती, काळी पडलेली बारकी केळी, आणि तिचं तोंड आपलं सवयीनं सुटलं, कुणासाठी नाही, खाज सुटल्यासारखं.

"ही काय केळी म्हणायची! माझ्या माहेरी एकदा घड आला होता, एसटीत सीटवर बसवावा लागला. कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं त्याचं."

नवल गाडीकडे बघत राहिला. कपाळावरची शीर हलली.

"अर्धं?" तो म्हणाला. "बारा वरीसना आतला व्हता का तो घड?"

तिला वाटलं, कान वाजले.

"फेकू नको, माय!" आणि त्याचा हात वर गेला, जरा चुकला, मांडीऐवजी गुडघ्यावर पडला, पण पडला. "बठ्ठं खोटं शे!"

झुंबरबाई हसली. अशी हसली की केळीवाला वळून बघायला लागला, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि नवलही हसत होता, ते जुनं, एका बाजूनं दात दाखवणारं... धावत जाऊन रुचीची स्कूटी अडवावी, म्हणावं खोड ती फुली, खोड आधी...

मग नवलचं हसू हळूहळू बारीक झालं. त्यानं वही मांडीवर ओढली. पेन तिच्या हातात होतं, दोरा ताणला. त्यानं पान उलटलं, मागचं. त्याच्या मागचं. बोट ओळीवर ठेवून वाचायचा, ओठ हलायचे, पुन्हा उलटायचा, पुन्हा तीच ओळ सापडायची. मान वाकवून त्यानं एकदा अंगातल्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं.

"माय," तो म्हणाला, बोट तिथंच. "हाई बी खोटं?"

कानबाई, आजच ऐकायचं होतंस?

सतरा गोष्टी जिभेवर घेऊन फिरणारी बाई मी. पोलिसालासुद्धा हसवून वाटेला लावलंय. एक, एक धड थाप सुचेना. दोरा ताणलेला होता, बोट ओळीवर होतं, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते... आता विसरेल, आता नजर गाडीकडे जाईल... त्याच्या ओठांकडे बघत होते, वाट बघत होते, त्या मेल्या 'बरं'ची.