पान एकतीस

मी एक जुनी विमा पुस्तिका आहे. मित्रांनो, मला पाहून हळहळू नका. माझ्या पाठीवर खोलगट गोल वळ आहे, तो मी मिरवते.

छापखान्यात माझी बेचाळीस पानं शिवली गेली, तेव्हा मी कोरी करकरीत होते. एका वेल्डरला मी त्याच्या कारखान्यातून मिळाले. घरी आल्यावर त्याच्या आईने मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "अक्षर मुंगीएवढं! पण जाड आहे हो, कामाला येईल." आले कामाला! वेल्डरच्या बायकोचं शिवणयंत्र एका बाजूला डुगडुगत होतं. त्याच्या पायाखाली मला सरकवलं. सहा वर्षं मी तो भार सोसला. पोटात अख्खा कायदा, आणि पाठीवर मशीन!

मग वेल्डरचा जोडीदार उंचावरून पडला, त्याच्या डोळ्यांदेखत. त्या दिवसापासून वेल्डरची झोप उडाली. हात थरथरू लागले. थरथर थांबावी म्हणून तो पिऊ लागला आणि दारूनेच त्याला धरलं. शेवटी बायकोने त्याला उपचार केंद्रात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मन आजारी आहे, व्यसनही आहे. दोन महिने लागतील. अर्धवट नेऊ नका, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न."

विम्याचा अर्ज भरताना सासूबाईंनी सुनेचा हात धरला. "दारू आणि डोकं, दोन्ही कागदावर नको गं. चारचौघांत नाक कापलं जाईल. पोटाचा विकार लिही." सुनेने लिहिलं. अर्ज परत आला, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीत एक आजार होता आणि अर्जात दुसराच. केंद्राने कळवलं, शनिवारपर्यंत मंजुरी आली नाही तर खाट रिकामी करावी लागेल.

त्या दुपारी सुनेने मशीन उचललं आणि मला बाहेर ओढलं. धूळ झटकून ती पानामागून पान वाचत गेली, बोट ठेवून. एकतिसाव्या पानावर बोट थांबलं.

"आई, इथे छापलंय! मनाचा आजार आणि व्यसनमुक्ती, दोन्हींचा उपचार इतर आजारांसारखाच धरला जाईल. आणि आपण पोट दुखतंय म्हणून लिहून बसलो!"

सासूबाईंनी मला हातात घेऊन ती ओळ निरखून पाहिली. मग म्हणाल्या, "नवा अर्ज आण. या वेळी मी सांगते, तू लिही. माझ्या लेकाच्या आजाराचं खरं नाव लिही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी विमा कचेरीत गेलो. चष्मेवाल्या साहेबांनी अर्जावर नजर टाकली आणि तो सरकवून दिला. "बाई, हे मनाचं, दारूचं आम्ही देत नाही."

"पान एकतीस वाचा, साहेब," सून म्हणाली.

"मला नियम शिकवता?"

"शिकवत नाही. मोठ्याने वाचा म्हणते."

"आणि सावकाश वाचा हो," सासूबाई खुर्ची ओढत म्हणाल्या, "मला कमी ऐकू येतं."

साहेबांनी पान उघडलं. "हा कसला डाग?"

"मशीनच्या पायाचा वळ आहे. अक्षरं दिसतात ना?"

साहेब वाचू लागले. दुसऱ्या ओळीवर आवाज उतरला. तिसरी ओळ त्यांनी दोनदा वाचली, मग चष्मा पुसला. "आजवर हे अर्ज आम्ही बाजूलाच ठेवत आलो," ते हळूच पुटपुटले आणि अर्ज पुढे पाठवण्यासाठी सही केली.

शुक्रवारी मंजुरी आली. खाट राहिली.

दोन महिन्यांनी वेल्डर घरी आला. पहिल्याच आठवड्यात त्याने मशीनच्या आखूड पायाला लोखंडाची चकती बसवली. मी फळीवरून पाहत होते. त्याचा हात हलला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी एखादी बहीण कुठेतरी दबून पडली असेल. तिला बाहेर काढा, वाचा. आजाराला त्याच्या नावाने हाक मारायला लाजू नका. आणि कुणी "हे आम्ही देत नाही" म्हणालं, तर पान उघडून समोर ठेवा आणि खुर्ची ओढून बसा. मी तर आता कुणाच्या पायाखाली जाणार नाही.